उठलेली लादी

लादीमास्तर कधी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. आधी तुमच्या पायांकडे बघायचे, मग पायांखालच्या लादीकडे, आणि तिथंच नजर ठेवून सगळं बोलणं उरकायचे. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, माझ्या चपलेला काहीतरी लागलंय. मी दोनदा पाय उचलून बघितलं. मी तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा ते म्हणाले, "पाय ठीक आहेत मॅडम. खालची लादी पोकळ आहे." आणि तिथंच उकिडवे बसून वाकड्या बोटानं टकटक करून त्यांनी तो बद्द आवाज मला ऐकवला. परळच्या आमच्या हॉस्पिटलच्या त्या व्हरांड्यातून मी नऊ वर्षं ये-जा करत होते. मला पत्ता नव्हता.

त्यांना नाव होतं, कागदोपत्री लिहिलेलंही होतं, पण परळपासून गिरगावापर्यंत सगळे त्यांना लादीमास्तरच म्हणत. राहायला भोईवाड्यात, चाळीत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मास्तर सोळा वर्षांचे होते आणि मोझॅकच्या लाद्या डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवायला लागले. मग टाकायला शिकले. चाळीतल्या खोल्या केल्या, शाळा केल्या, ऑपरेशन थिएटरं केली. दगड असो, मार्बल असो की प्लास्टिकचा रोल, त्यांच्या लेखी सगळी लादीच. चाळीस वर्षांत त्यांनी टाकलेली एकही लादी उठली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, त्यांचे कारागीर सांगत, आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात त्यांची बायको.

मला ते भेटले ते माझ्या डोक्याचा पार भुगा झालेला असताना. मी फार्मसी शिकलेली बाई. लादीबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे ओली असेल तर जपून चालायचं, एवढंच. आणि हॉस्पिटलनं मला सांगितलं, क्लीनरूम उभी करा. म्हणजे कॅन्सरच्या पेशंटना सलाईनमधून द्यायची औषधं जिथं मिसळतात ती खोली. तिथं धुळीचा कण नको, जंतू नको. म्हणून लादीला फट नको, भेग नको, कोपरा नको. हो, कोपरासुद्धा नको! लादी आणि भिंत जिथं भेटतात तिथं घाण साचते, म्हणून तिथं गोलाई हवी. मला इन्चार्ज केलं होतं ते तात्पुरतं. खोली वेळेत उभी राहिली आणि सरकारी तपासणीत पास झाली तर कायम करू, असं विश्वस्तसाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. लादी कोणती, हे ठरवणाऱ्या कागदावर सही माझी.

मग विकणारे येऊ लागले. इपॉक्सीवाला म्हणाला, आमची पातळ रसायनाची लादी ओतली की अख्खी खोली एकसंध, सांधाच नाही. पीयूवाला, म्हणजे पॉलियुरेथेनवाला, म्हणाला, गरम पाणी पडलं की इपॉक्सी तडकते, आमचं घ्या. व्हायनिलवाला म्हणाला, दोन्ही ओतीव, खरडली की दुरुस्तीला आठवडाभर खोली बंद. आमचा रोल घ्या, सांधे वितळवून एकजीव करून देतो. मग इपॉक्सीवाला पुन्हा आला आणि म्हणाला, मॅडम, सांधा तो सांधाच. मी सगळ्यांपुढे मान डोलवायचे. अँटॉप हिलच्या आमच्या क्वार्टर्समध्ये जेवणाच्या टेबलावर नमुन्यांचे तुकडे पसरलेले असायचे. नवऱ्यानं एका तुकड्यावर चहाचा कप ठेवला, गोल डाग पडला, म्हणून मी तो तुकडा बाद केला. आठवड्यानं कळलं, तो लादीचा नव्हताच, भिंतीच्या पट्टीचा होता. कप्पाळ माझं!

लादी टाकायला हॉस्पिटलनं बोलावलेले मास्तर आले तेव्हा मी सरळ विचारलं, "सगळ्यात चांगली लादी कुठली?" हा प्रश्न मी त्यांना पुढे निदान वीस वेळा विचारला असेल. एकदाही उत्तर मिळालं नाही. उलट तेच विचारायचे. "मॅडम, इथं सांडणार काय?" औषधं, स्पिरिट. "ओढणार काय?" ट्रॉली. "पुसणार कोण?" मी म्हटलं, "कोण म्हणजे? मावशी पुसतील." तर म्हणाले, "मग मावशींना बोलवा."

आमच्या मावशी कंत्राटावर सफाईला होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या. मास्तर आणि त्या व्हरांड्यात खाली बसून अर्धा तास बोलले. कुठल्या हातानं पुसता, कमरेचा त्रास आहे का, कोपऱ्यात हात किती जातो. मध्येच गावातल्या कुणाच्या लग्नाचा विषय निघाला. मी सहीची फाईल छातीशी धरून ताटकळत उभी! मला तारखेची घाई आणि ह्या दोघांचं आपलं निवांत. शेवटी मास्तर उठले आणि म्हणाले, "व्हायनिल. भिंतीवर वीतभर चढवलेलं." मी देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, "पीयू." मी अक्षरशः ओरडले, "अहो मास्तर, काल काय बोललात तुम्ही?" शांतपणे म्हणाले, "काल ट्रॉली बघितली नव्हती." तिसऱ्या दिवशी ट्रॉलीची लोखंडी चाकं काढून रबरी घ्यायला सांगितली आणि गाडी पुन्हा व्हायनिलवर आली. माझं डोकं इतकं गरगरलं होतं की मी सही करून टाकली. मला पटलं होतं म्हणून केली की थकले होते म्हणून, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही.

व्हायनिल टाकायच्या आधी खाली सिमेंटचा गुळगुळीत कोबा करतात. तो आतून पूर्ण सुकावा लागतो, नाहीतर ओल वर येऊन लादी फुगते. मास्तरांची कोबा बघायची रीत साधी होती. प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्यायचा, कोब्यावर पसरायचा, चारी बाजू चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि एक दिवस तसाच ठेवायचा. दुसऱ्या सकाळी प्लास्टिकच्या आत घाम धरला असेल तर कोबा अजून ओला. ते रोज सकाळी येऊन ते प्लास्टिक उचलून मला दाखवायचे. "बघा, अजून रडतंय." मला विश्वस्तसाहेब रोज तारीख विचारायचे आणि मी म्हणायचे, सर, अजून रडतंय. साहेब माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायचे.

चौथ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं. मास्तर म्हणाले, "अजून आठ दिवस. आणि ह्या आठ दिवसांत पाण्याचा थेंब नको. टाकायच्या आदल्या दिवशी परत प्लास्टिक लावायचं." मी हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मास्तरांना डेंग्यू झाला आणि ते शीवला हॉस्पिटलात दाखल झाले.

आणि त्याच दिवशी विश्वस्तसाहेबांचा निरोप आला की पुढच्या सोमवारी देणगीदार खोली बघायला येणार आहेत. मी घाईघाईत जाता जाता मावशींना म्हटलं, "मावशी, ती खोली जरा चकाचक ठेवा हं." बस्स, एवढंच म्हटलं. पाण्याचं सांगायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. सोमवारी देणगीदार आले, खोली बघून खूष होऊन गेले. तपासणीची तारीख जवळ आली होती. मी मास्तरांच्या कारागिरांना फोन करून सांगितलं, "मास्तरांनी बघितलंय, कोबा कोरडा आहे, टाका लादी." त्यातल्या एकानं विचारलं, "परत प्लास्टिक लावायचं होतं ना?" मी म्हटलं, "झालंय." झालं नव्हतं. खोटं बोलतेय असंही तेव्हा वाटलं नाही. एकदा कोरडं निघालेलं परत ओलं कशाला होईल, असा माझा हिशेब.

लादी सुंदर पडली. तीन आठवड्यांनी दाराजवळ तळहाताएवढा फुगा आला. पुढच्या दिवशी आणखी दोन. मास्तर डेंग्यूतून नुकतेच कुठे सावरत होते, गाल पार बसलेले. तरी आले. चपला बाहेर काढल्या, अनवाणी फुग्यावर पाय ठेवला, तो पचकन दबला. सुरीनं कड उचलून त्यांनी नाक खाली नेलं. मी बाजूला उभी होते. म्हणाले, "इथं फिनेल कोण वापरतं?" मी म्हटलं, "सगळीकडेच वापरतात, का?" त्यांनी उचललेली कड बोटानं परत खाली दाबली. मग म्हणाले, "असू दे." मला त्या बोलण्याचा काही म्हणजे काही अर्थ लागला नाही.

मीटिंग विश्वस्तसाहेबांच्या केबिनमध्ये झाली. साहेब, मी आणि मास्तर. तपासणी पुढे ढकलावी लागणार होती. साहेबांनी विचारलं, "ही चूक कोणाची? मला नाव हवंय." मला प्लास्टिक आठवलं. कारागिराला 'झालंय' म्हटलं ते आठवलं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण आवाज फुटेना. तेवढ्यात मास्तर साहेबांच्या टेबलाखालच्या लादीकडे बघत म्हणाले, "माझी. कोबा ओला होता. मी घाई केली."

अहो, हा माणूस तेव्हा शीवला सलाईन लावून पडला होता! साहेबांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी खाली मान घालून फाईलची नाडी बांधत बसले. मास्तरांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पण ते तसेही कुणाकडे बघत नसत, म्हणून मी त्याचा काही अर्थ काढू शकले नाही.

बाहेर आले तर व्हरांड्यात मावशी. त्यांच्या कानावर गेलंच होतं. म्हणाल्या, "ताई, मास्तर असे कसे चुकले वो? मी तर ती खोली पाच दिवस रोज बादलीभर पाणी ओतून धुतलंय, फिनेल घालून. वर कोरड्या फडक्यान पुसून पण घेतलंय. तुम्हीच सांगितलं होतात ना, चकाचक ठेवा म्हणून!" त्यांच्या चेहऱ्यावर आपल्या कामाचं एवढं कौतुक होतं! कोबा वरून कोरडा ठणठणीत आणि आत पाच दिवसांचं पाणी. मास्तरांना ते नाक खाली नेल्याबरोबर कळलं होतं. पाणी ओतलं मावशींनी, सांगितलं मी, आणि चूक मास्तरांची ठरली.

मास्तरांनी ती लादी उचलली, कोबा दीड महिना सुकवला आणि पुन्हा टाकली. रोज प्लास्टिक लावायचे, रोज मला दाखवायचे, जणू काही झालंच नाही. तपासणी झाली, खोली पास झाली, मला कायम केलं. पेढे वाटले मी. वरच्या मजल्यावरच्या दोन ऑपरेशन थिएटरांचं काम मात्र दुसऱ्या कंपनीला गेलं. मास्तरांचं नाव हॉस्पिटलच्या यादीतून काढलं, आणि अशा गोष्टी एका हॉस्पिटलात राहत नाहीत. त्यांना फोन येणं कमी झालं. हे मला त्यांच्या कारागिरानं सांगितलं, आणि वर म्हणाला, "आम्हाला मास्तरांनी गप्प बसायला सांगितलंय, म्हणून आम्ही गप्प."

शेवटी एका रविवारी मी भोईवाड्यात त्यांच्या घरी गेले. एक खोली, पोटमाळा, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, आणि खाली अशी लादी की बघत राहावं. मी बोलायच्या तयारीनंच गेले होते. पण वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, चहा देता देता म्हणाल्या, "बघा ना मॅडम, चाळीस वर्षांत एकदा घाई केली, ती पण नेमकी हॉस्पिटलात. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते." मास्तर हसले आणि म्हणाले, "साखर कमी आहे." मी चहा घेतला. गरम होता, तसाच घशाखाली घातला.

मला सोडायला ते नाक्यापर्यंत आले. तिथं मी म्हटलं, "मास्तर, मी उद्या साहेबांना सगळं सांगते."

"काय सांगणार?"

"पाणी घातलं होतं म्हणून."

"कुणी घातलं, विचारतील."

मी बस येतेय का ते बघू लागले.

"मावशी कंत्राटावर आहेत मॅडम. त्यांना काढायला एक दिवस लागणार नाही. अजून दोन वर्षं काम करायचंय त्यांना, मग गावी जातील."

"मग मी माझंच नाव सांगते. मावशींचं नाही घेत."

"तुम्ही बादली घेऊन गेला होता का? साहेब खुळे नाहीत."

"निदान वहिनींना तरी सांगा! त्या तुम्हाला बोलतात."

"तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या भोईवाड्यात होईल. मावशी मागच्याच गल्लीत राहतात." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "बस पकडा. डावीकडचा पेव्हर ब्लॉक हलतोय, तिथं पाय देऊ नका."

बसमध्ये बसून मी विचार करत राहिले. त्यांनी वाचवलं कोणाला, मला की मावशींना? मावशींना वाचवायचं होतं आणि मी वाटेत आले म्हणून वाचले, असं असेल का? की उलटं? मला राग आला त्यांचा. खरंच आला. असं कुणी न विचारता आपलं ओझं उचललं की माणसानं करायचं तरी काय? आभार मानायचे म्हटले तर गुन्हा कबूल करावा लागतो, आणि कबूल करायचा म्हटलं तर तेच करू देत नाहीत. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला खरंच सांगायचं असतं तर तू त्या केबिनमध्येच बोलली असतीस." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही, कारण ते खरं होतं.

दोन वर्षं गेली. मावशींचं काम संपलं, आम्ही त्यांना साडी-नारळ दिला, त्या कणकवलीला गेल्या. आता काही आडकाठी नव्हती. मी ठरवलं, आता साहेबांना लेखी देते. मग ऑडिट निघालं. मग मुलीची बारावी. पुढच्या आठवड्यात नक्की, असं मी स्वतःला सांगत होते, आणि एका सकाळी कारागिराचा फोन आला. लादीमास्तर गेले. घरातल्या घरात, बसल्या जागी, हार्ट.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भोईवाड्यातल्या बुद्धविहारात होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंज्यांवर बसली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून माईकवर मास्तरांबद्दल बोलू लागला. शेवटी त्यांचा मुलगा उभा राहिला. बँकेत आहे, नीट बोलणारा. म्हणाला, "बाबांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली. घाई करून एका हॉस्पिटलची लादी बिघडवली. पण त्यांनी ती लपवली नाही. साहेबांच्या तोंडावर कबूल केली. आपल्या चुकीला चूक म्हणायला हिंमत लागते, आणि ती बाबांकडे होती." लोकांनी माना हलवल्या.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. त्या मुलाच्या हातातून मी माईक घेतला आणि म्हटलं, "ती चूक त्यांची नव्हती. ते तेव्हा हॉस्पिटलात डेंग्यूनं पडले होते. कोब्यावर पाणी पडलं ते माझ्यामुळे. पुन्हा तपासायला त्यांनी सांगितलं होतं, मी तपासलं नाही. त्यांच्या कारागिरांना खोटं सांगितलं. चूक माझी होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, आणि त्यांनी ती स्वतःवर घेतली."

पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"त्यांना माहीत होतं?"

"हो वहिनी. पहिल्यापासून."

"दोन वर्षं मी त्यांना टोचत होते हो," वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "जेवायला बसले की टोचायचे. घाई केलीत, नाव घालवलंत. आणि हा माणूस नुसता हसायचा आणि भाकरी मागायचा. मला का नाही सांगितलं?"

मावशींचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मास्तरांनी जे सांगायचं टाळलं ते मी सांगावं की नाही, हे त्या क्षणीही मला ठरवता आलं नाही.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या. "माईक घे," त्या म्हणाल्या. "मघाशी जे बोललास ना, ते चुकीचं बोललास. उभा राहा आणि सगळ्यांसमोर परत बोल."

मी माईक त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला.